उतारा की धागा?

आमचे मामाजी दर्यापूर तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये तीसेक वर्षं फिटर होते. सीझन लागला की रोज सकाळी, रेचे (कापसातून सरकी वेगळी काढणारी यंत्रं) सुरू करायच्या आधी, ते दिवाणजींना एकच गोष्ट विचारत, ‘‘आज काय पाह्यजे? उतारा की धागा?’’

ज्यांनी जिनिंग आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. डबल रोलर रेच्यात चामड्याचे दोन रोलर उलटसुलट फिरतात आणि त्यांना टेकून पोलादी पाती असतात. रोलर तंतू ओढतो, पातं सरकीला अडवतं, हलतं पातं तिला झटके देतं. रुई एकीकडे जाते आणि सरकी खाली जाळीतून गळते. शंभर किलो कापसातून जेवढी रुई निघाली तो उतारा. चौतीस-पस्तीस पडला की मालक खूश. पातं जरा जवळ घेतलं, दाब वाढवला की सरकीला चिकटलेला शेवटचा तंतूही सुटतो आणि उतारा चढतो. पण मग तंतू तुटतो, सरकी फुटते, तिचे कण रुईत जातात आणि गिरणीवाला धाग्याची लांबी मोजून भाव पाडतो. सैल ठेवलं तर धागा लांब राहतो, पण सरकीबरोबर रुई वाया जाते. त्यात कापूस ओला आला, रोलर झिजला, दुपारी ऊन तापलं, की सकाळचं सेटिंग गेलंच. मामाजी रेच्याच्या अंगावर तळहात ठेवून, आवाज ऐकून पाना फिरवायचे. पण पान्याला हात लावायच्या आधी तो प्रश्न ठरलेला.

मी तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या डेझी प्रयोगशाळेतल्या गटाचा २०२१ सालचा एक शोधनिबंध वाचताना मामाजींचा प्रश्न एकदम कानात वाजला. लेसरच्या जोरावर इलेक्ट्रॉनांना वेग देणारं त्यांचं यंत्र, आणि त्याची जुळणी माणसाऐवजी मशीन लर्निंगवर, म्हणजे आकड्यांवरून स्वतःच शिकणाऱ्या प्रोग्रॅमवर, सोपवलेली. कुठल्याही आडव्यातिडव्या सेटिंगपासून सुरुवात करून त्या प्रोग्रॅमने २५४ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टचा (हे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचं माप) असा झोत साधला, की त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतली तफावत एका टक्क्याच्या आत आली. डोळ्यात भरतो तो हाच आकडा. पण त्याच निबंधात त्यांनी आणखी एक सेटिंग दिलं आहे. त्यात तफावत पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे दिसायला वाईट. मात्र शंभरातल्या नव्वद शॉटना ती तेवढ्यात राहते. (शॉट म्हणजे यंत्राने एकदा सोडलेला झोत.) एखाद्या वेळी अप्रतिम, की नव्वद वेळा बरा? मामाजी असते तर त्यांनी दिवाणजींकडे पाहिलं असतं.

माझं म्हणणं असं आहे, की असल्या यंत्राला काय शोधायला सांगायचं हा शास्त्रज्ञांच्या खोलीत मिटवून टाकायचा प्रश्न नाही. तो सार्वजनिक प्रश्न आहे आणि त्यावर आपल्यासारख्या खेड्यापाड्यातल्या लोकांनीही बोलायला हवं. मला विचाराल तर मी धाग्याच्या, म्हणजे नव्वद वेळा बरा येणाऱ्या झोताच्या, बाजूचा.

थोडं मागे जाऊ. कणांना वेग देण्याची नेहमीची रीत म्हणजे धातूच्या पोकळ्यांत विद्युतक्षेत्र उभं करून त्यातून कण ढकलत न्यायचे. पण क्षेत्र फार वाढवलं की धातूवरच ठिणगी पडते. त्यामुळे मीटरमागे काही कोटी व्होल्टवर, फार तर दहा कोटींच्या आसपास, गाडी अडते आणि यंत्र लांब लांब होत जातं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डला इलेक्ट्रॉन पन्नास गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत न्यायला तीन किलोमीटरचा बोगदा लागला. १९७९ साली ताजिमा आणि डॉसन या दोघांनी वेगळीच वाट सुचवली. प्लाझ्मा, म्हणजे आधीच फुटून इलेक्ट्रॉन आणि आयन वेगळे झालेला वायू. त्याला ठिणगीची भीती कसली? त्यात लेसरचा अतिशय तोकडा आणि अतिशय जोरकस ठोका सोडायचा. भरधाव एसटी गेली की मागचा पाचोळा जसा तिच्यामागे धावत सुटतो, तसं इथे होतं. ठोका वाटेतले हलके इलेक्ट्रॉन बाजूला सारतो, जड आयन जागेवर राहतात, मागे धनभाराचा बुडबुडा तयार होतो आणि त्यात सापडलेले इलेक्ट्रॉन त्या ओढीने पुढे खेचले जातात. ही ओढ धातूच्या यंत्रापेक्षा हजार पट मोठी असू शकते.

तेव्हा तसे लेसर नव्हते. १९८५ मध्ये डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी ठोका आधी ताणून, मग वाढवून, मग पुन्हा दाबायची युक्ती काढली (२०१८ चं नोबेल त्यासाठी), आणि २००४ मध्ये इंग्लंड, फ्रान्स व अमेरिकेतल्या तीन गटांनी एकाच वेळी नीटस झोत दाखवले. पुढे अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेने २००६ साली ३.३ सेंटिमीटरमध्ये एक गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट गाठला, २०१९ मध्ये वीस सेंटिमीटरमध्ये ७.८. वीस सेंटिमीटर म्हणजे वीतभर. तीन किलोमीटर आणि वीत, असे दोन आकडे शेजारी ठेवले की वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा पोरगाही मान वर करतो.

मग अडलं कुठे? अडलं ते रोजच्या वागण्यात. लेसरचा ठोका तीस-चाळीस फेम्टोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचाही दशलक्षांश घेतला तर तसल्या तीस-चाळीस तुकड्यांएवढा. बुडबुडा केसाच्या जाडीपेक्षा लहान. वायूचा दाब किंचित हलला, खोलीचा एसी चालू-बंद झाला, आरसा केसाच्या हजाराव्या भागाने कलला, की या शॉटला आलेला झोत पुढच्या शॉटला तसा येत नाही. शिवाय सगळ्या चाव्या एकमेकींत गुंतलेल्या. दाब बदलला की फोकसची योग्य जागा सरकते, फोकस हलवला की ठोक्याचा आकार पुन्हा जुळवावा लागतो. हुशार माणूस एकेक चावी फिरवत बसला तर दिवस जातो आणि सकाळची जुळणी संध्याकाळपर्यंत शिळी होते. अगदी जिनिंगसारखंच.

इथे मशीन लर्निंग आलं. २०१५ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या गटाने लवचीक आरशाचा आकार ठरवायचं काम उत्क्रांतीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला दिलं. २०२० मध्ये ऑक्सफर्डजवळच्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत एका गटाने सहा चाव्या एकदम प्रोग्रॅमच्या हाती दिल्या. त्यातली एक गोष्ट मी पोरांना नेहमी सांगतो. ठोक्याची लांबी अवघी एक टक्का बदलली, पण त्याचा आकार असा नेमका वळवला गेला, की झोतातला विद्युतभार ऐंशी टक्क्यांनी वाढला. एकेक चावी फिरवणाऱ्या माणसाच्या हाताला ती जागा कदाचित कधीच लागली नसती.

या पद्धतीचं नाव बायेशियन ऑप्टिमायझेशन. नावाला घाबरायचं काम नाही. प्रोग्रॅम काही शॉट मारतो आणि मनात एक नकाशा काढतो: इथे चांगलं येईल असं वाटतं, आणि इथलं मला माहीतच नाही. पुढचा शॉट कुठे मारायचा हे तो दोन्ही पाहून ठरवतो. आशा जिथे जास्त तिथे, किंवा अंधार जिथे जास्त तिथे. प्रत्येक प्रयत्न महाग असेल तिथे ही पद्धत शोभते. कोरडवाहू शेतकरी दुसरं काय करतो? अर्ध्या वावरात नेहमीचं वाण, दोन तासं नवं, बांधाकडेला शेजाऱ्याने सांगितलेलं. फरक इतकाच की हॅम्बुर्गच्या त्या यंत्राने दिवसाहून थोडा जास्त वेळ अखंड चालून लाखावर शॉट मारले आणि त्यांच्या नोंदीवरून कुठली गडबड लेसरच्या कुठल्या चुळबुळीतून येते ते शोधून काढलं. आमच्या गावच्या माणसाला आयुष्यात चाळीस शॉट मिळतात. तेही पाऊस आला तर.

आता मूळ मुद्दा. नकाशा काढायला प्रोग्रॅमला एक आकडा लागतो. प्रत्येक शॉटनंतर कोणी तरी त्याला सांगायला हवं: हा शॉट इतक्या गुणांचा. तो आकडा कसा काढायचा हे माणूस लिहितो. झोताची ऊर्जा? भार? तफावत? की दहा शॉटमधला सगळ्यात वाईट शॉट किती वाईट होता ते? गुण कशाला द्यायचे ते बदललं की तेच यंत्र, तोच प्रोग्रॅम, पण जाऊन बसतो वेगळ्याच सेटिंगवर.

हे मी पुस्तकातून शिकलो असं म्हणणार होतो, पण खरं तर पोरांनी शिकवलं. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाच्या तीन मुलांनी एक खेळणं केलं. पॉइंटरचा स्वस्त लेसर टेबलावर पक्का, समोर दोन छोट्या मोटरींवर डुलणारा आरसा, आणि पलीकडे प्रकाशाची मोजणी करणारा सेन्सर. आरसा असा वळवायचा की लेसर बरोबर सेन्सरवर पडावा. प्रोग्रॅम पायथॉनमधला, फुकटच्या लायब्ररीवर चालणारा. सकाळी झकास चाललं. वीस-बावीस प्रयत्नांत लाल ठिपका जागेवर. दुपारी तीनला मला दाखवायला बोलावलं तर आरसा भलतीकडेच तोंड करून बसलेला, लेसरचा ठिपका भिंतीवर, आणि स्क्रीनवर आकडा सकाळच्या दुप्पट! पोरं वायर तपासत बसली. दहा मिनिटांनी एकीच्या लक्षात आलं, की पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि प्रोग्रॅमने आरसा उन्हाकडे वळवून ते सेन्सरवर पाडलं होतं. त्याला सांगितलं होतं जास्तीत जास्त प्रकाश. त्याने तो आणला. लेसरचा, असं कुणी म्हटलंच नव्हतं.

मामाजींना हे रंगवून सांगितलं. आता वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं. बराच वेळ हसले आणि म्हणाले, ‘‘थे मशीन बरोबरच हाये नं बापा. त्याले सांगणारा चुकला. जिनिंगमंदी मालक बदलला का आमचंबी असंच व्हाये.’’

विदर्भाला हा अनुभव नवा नाही, म्हणूनच मी हा लेख इथल्या वाचकासाठी लिहितो आहे. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती-अकोला-बुलढाण्यात, जमिनीखालचं पाणी खारं. विहीर असून ओलीत नाही. या मातीत एकरी किती क्विंटल हा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न, पावसाने महिनाभर दडी मारली तर किती उरेल? देशी कपाशीचे सरळ वाण कमी द्यायचे, पण अगदीच हात झटकत नसत, आणि बी घरचं राहायचं. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, संकरित बियाण्यांची पाकिटं आली, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच माप बसलं: एकरी उतारा. प्रात्यक्षिकाचा प्लॉट ओलिताचा, खत वेळेवर, आणि त्यावरची पऱ्हाटी पाहून कोरडवाहूवाला पाकीट घेऊन येतो. चांगल्या साली खरंच पिकलं, हे नाकारायचं कारण नाही. बोंडअळीची फवारणीही सुरुवातीला कमी झाली. पण सरासरी वाढली म्हणून वाईट साल सुसह्य होत नाही. लांब मुदतीचे संकर उभे राहिले, गुलाबी बोंडअळीला खायला सीझनभर बोंडं मिळाली, आणि २०१७ साली काय झालं ते यवतमाळ-अमरावतीत कुणाला सांगायला नको. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. कुणी एकाने कट केला असं मी म्हणत नाही. माप चुकीचं होतं आणि सगळे इमानदारीने त्या मापामागे धावले. उन्हाकडे वळलेल्या त्या आरशासारखे.

आता कुणी म्हणेल, मास्तर, कपाशी कुठे आणि प्लाझ्मा कुठे! संबंध आहे, आणि तो दवाखान्यातून जातो.

माझ्या शेजारच्या मावशींना स्तनाचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, मग शेकाचे पंचवीस डोस सांगितले. आठवड्यातले पाच दिवस, पाच आठवडे. आमच्याकडे रेडिएशनला ‘शेक’ म्हणतात, विटेचा शेक द्यावा तसा. शहर जवळपास साठ किलोमीटर. सकाळची सहाची एसटी, पोहोचायला आठ, नंबर लागायला बारा, परत येईस्तोवर दिवस मावळलेला. सोबत मुलगा, म्हणजे त्याचीही मजुरी गेली. तिसऱ्या आठवड्यात मशीन बंद. पार्ट यायचा होता. रोज फोन लावायचा, रोज ‘उद्या पहा’. एक दिवस चालू आहे म्हणून गेले, तर दुपारी पुन्हा बंद. मावशी ओट्यावर बसून म्हणाल्या, ‘‘मशीन कितीक मोठी हाये ते काय करू मी? चालू हाये का तेवढं सांगा मले.’’ शेकाच्या मधल्या खाड्याने गाठीला सावरायला सवड मिळते, हे डॉक्टर जाणतात; म्हणून तर तो आठवड्याचा हिशेब इतका काटेकोर असतो.

ते दवाखान्यातलं यंत्रही प्रवेगकच, म्हणजे कणांना वेग देणारंच, आहे. त्याचं नाव लिनॅक. धातूच्या नळीत इलेक्ट्रॉनांना साधारण सहा मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेऊन धातूवर आपटायचं आणि निघणारे क्ष-किरण गाठीवर सोडायचे. अमेरिकेतली ७.८ गिगा आणि इथली सहा मेगा. हजार पटींहून जास्त अंतर. म्हणजे ऊर्जेचा विक्रम हा मावशींचा प्रश्न कधी नव्हताच. विदर्भाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट इथे नोंदवतो. मुंबईच्या ‘समीर’ या सरकारी संस्थेने सहा मेगाव्होल्टचं देशी लिनॅक बनवलं आणि त्यातलं एक वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेत बसवलं. गांधींच्या कुटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर इलेक्ट्रॉन धावतात, हे आमच्या फार कमी विद्यार्थ्यांना ठाऊक असतं.

लेसर-प्लाझ्माचं यंत्र उद्या दवाखान्यात येईल असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. प्रवेगक वीतभर असला तरी त्याला चालवणारा लेसर हॉलभर आहे. त्या लेसरने भिंतीतून घेतलेल्या विजेतला शंभरातला एक भागसुद्धा प्रकाशात उतरत नाही. सेकंदाला मोजके शॉट, आणि रोग्याला लागणारा डोस प्रत्येक वेळी तोच असला पाहिजे ही अट. शंभर ते अडीचशे मेगाचे इलेक्ट्रॉन शरीरात खोलवरच्या गाठींपर्यंत पोहोचतात म्हणून त्यांच्यावर उपचाराच्या दृष्टीने संशोधन चालू आहे, आणि नेमकी ती ऊर्जा ही प्लाझ्मा यंत्रं आजच सहज देतात. अडलं आहे ते रोज सकाळी नऊला तोच झोत देण्यावर. म्हणजे हॅम्बुर्गच्या त्या दुसऱ्या सेटिंगवर. म्हणूनच मला वाटतं, की या क्षेत्रात मशीन लर्निंगचा खरा उपयोग विक्रमासाठी नाही. विक्रम हुशार माणसं रात्र जागून करतातच. कंटाळवाणं, रोजचं, न थकता केलेलं सावरणं माणसाला जमत नाही. ते या प्रोग्रॅमकडून घ्यावं.

यावर आक्षेप येतात. एक माझ्याच स्टाफरूममधला. सहकारी म्हणतात, विक्रमाशिवाय पैसा येत नाही. ‘आमचा झोत आता कमी हलतो’ अशी बातमी कोण छापेल? बरोबर आहे. मंत्र्यासमोर आकडा मोठाच लागतो. पण हा विज्ञानाचा नियम नाही, आपली सवय आहे, आणि सवय मोडायची तर कुठून तरी सुरुवात हवी. निधी देणाऱ्याने फॉर्ममध्ये एक रकाना वाढवावा: सर्वोत्तम शॉटबरोबर सलग हजार शॉटमधले सर्वात वाईट शंभर कसे होते तेही लिहा. एवढ्यानेसुद्धा प्रोग्रॅमला दिलेले गुण बदलतील. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने दहा हजार तीनशे कोटींहून अधिकचं इंडिया एआय मिशन मंजूर केलं. त्यातून चालणाऱ्या कामांना ‘तुम्ही नेमकं काय वाढवायला निघालात’ असं छापील उत्तर मागण्यात अवघड ते काय?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. प्रोग्रॅमने सेटिंग शोधलं, पण ते का चांगलं हे कुणालाच कळलं नाही, तर ते विज्ञान कसलं? मामाजींनाही ‘का’ सांगता यायचं नाही; हाताला कळायचं. फरक असा, की मामाजींचा हात त्यांच्याबरोबर घरी गेला. रेच्यामागच्या पत्र्यावर खडूने त्यांनी सेटिंगं लिहून ठेवली होती, कुठल्या गावचा कापूस, किती ओल, पातं किती. ते रिटायर झाल्यावर दिवाळीला कारखान्याला रंग मारला आणि तो पत्रा निळा झाला. नव्या फिटरने पहिल्या महिन्यात दोन रोलर जाळले. प्रोग्रॅमचा नकाशा मात्र फाइलमध्ये राहतो. ती फाइल उघडी असेल तर दहा वर्षांनी कुणीतरी बसून त्यातून ‘का’ काढू शकतो. ऑक्सफर्डजवळच्या त्या ऐंशी टक्क्यांचा उलगडाही प्रोग्रॅमने बनवलेला नकाशा माणसांनी वाचूनच झाला. फाइल कुलपात असेल तर तो पत्रा निळा झाल्यात जमा. म्हणून सरकारी पैशाने मारलेल्या प्रत्येक शॉटची नोंद, फसलेल्यांसकट, खुली असायला हवी. फसलेल्यांसकट यावर माझा जोर आहे, कारण नकाशातला अंधार त्यांनीच कमी होतो.

आणि हे सगळं करायचंच कशाला, असं विचारणाराही असतो. बहुधा शेतकरी संघटनेतला जुना मित्र असतो आणि त्याचा राग खरा असतो. त्याला मी मुगाची गोष्ट सांगतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांचा मारा करून पिकांत बदल घडवायचं काम हाती घेतलं आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाबरोबर वाणं काढली. भुईमुगाचं टीएजी-२४, उडदाचं टीएयू-१, मुगाचं टीएआरएम-१. ही अक्षरं कोडं नाहीत. शेवटच्यात टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला, आर म्हणजे रोगाला दाद न देणारं, एम म्हणजे मूग. काय हवं होतं ते नावातच आहे: भुरी रोगाला टिकणारा मूग. आणि ते कुणाला हवं होतं तेही नावातच आहे. ट्रॉम्बेच्या समुद्रकाठी बसून भुरीची आठवण कशी व्हावी? ती अकोल्याच्या वावरातून आली. किरणांचं यंत्र तिकडचं, पण त्याच्याकडून काय मागायचं हे ठरवताना इकडचं कोणी तरी खुर्चीवर होतं.

तोच ‘ए’ मला प्लाझ्मा यंत्रांच्या नावात हवा आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात अतिशक्तिशाली लेसर आहेत आणि लेसर-प्लाझ्मावर काम चालतं. मुंबई आणि हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही चालतं. तिथे उद्या प्रोग्रॅमला गुण कशाचे द्यायचे हे ठरवताना टेबलाभोवती जिल्ह्याच्या दवाखान्यात लिनॅक चालवणारा एखादा टेक्निशियन असू द्या, जो सांगेल की मशीन बंद पडते तेव्हा आधी काय बिघडतं. कृषी विद्यापीठातलं कोणी असू द्या. ग्रामीण कॉलेजातल्या पोरांना प्रत्यक्ष लेसर नाही मिळाला तरी चालेल. प्लाझ्माचं अनुकरण करणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात, शोध घेणाऱ्या लायब्ररी फुकट आहेत, आणि शॉटच्या नोंदी खुल्या झाल्या तर आमच्या सहा कॉम्प्युटरांच्या लॅबमध्येही, लाइट असेल त्या वेळात, खरं काम होऊ शकतं. हे उपकार म्हणून मागत नाही. खिडकीतलं ऊन ज्या पोरीच्या लक्षात आलं, तिच्यासारख्या नजरेची त्या टेबलाला गरज आहे.

तीच पोरगी आता एमएस्सी करते. परवा विचारत होती, इंदूरचं ते केंद्र आतून पाहायला मिळतं का. मी म्हटलं, अर्ज करून पाहा. मग आम्ही जायचं कसं ते पाहत बसलो. तिच्या आजोबांच्या काळी सोपं होतं. अकोल्याहून मीटरगेजची गाडी मेळघाटातून खांडव्याला आणि तशीच महूवरून इंदूरला जायची. अकोट-खांडवा मार्ग बंद पडून आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आधी मूर्तिजापूर, मग भुसावळ, मग खांडवा, आणि तिथून बस. तिने वहीत ते लिहून घेतलं आणि खाली, वेगळ्या शाईने, दुसरा प्रश्न लिहिला. तिथे गेल्यावर विचारायचा: तुमचा सर्वात वाईट शॉट दाखवता का?